धाग्यावरचं कलम किती टिकतं?

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या क्रोम प्लेटिंग युनिटमध्ये माल धुतला की पाणी पिवळं पडतं. तो रंग सहासंयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम. क्रोमियम पकडायला सहसा आयन-विनिमय रेझिनचे मणी वापरतात; ते पाण्यातले नको असलेले आयन (भारित कण) धरून ठेवतात आणि बदल्यात दुसरे सोडतात. पण मणी अर्धा-एक मिलिमीटर जाड, आयन आत शिरायला वेळ लागतो. मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा धागा तेच काम झटपट करतो.

द्राक्षबागाईतदार डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन जातीच्या द्राक्षाचं कलम भरतो, तसाच हा धागा बनतो. खुंट साध्या पॉलिप्रॉपिलीनचा. गॅमा किरणांनी त्यावर क्रियाशील जागा तयार करायच्या, तिथून दुसऱ्या रेणूंच्या साखळ्या वाढवायच्या आणि त्यांवर ऋणभारित क्रोमियम-आयनांना ओढणारे धनभारित अमोनियम गट बसवायचे. लासलगावच्या केंद्रात २००२पासून कोबाल्ट-६०चे असेच किरण कांद्याला देतात. कोंब रोखायला शंभर ग्रेपेक्षाही (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) कमी मात्रा पुरते. धाग्याला मात्र हजारो ग्रे लागतात.

कलमाचा सांधा कार्बन-कार्बन बंधाचा, त्यामुळे तो पाण्याने सुटत नाही. बिघाड होतो तो दुसरीकडेच. किरणांनी तयार झालेली काही मूलकं (अर्धवट तुटलेले, अतिक्रियाशील रेणू) धाग्याच्या घट्ट रचलेल्या स्फटिकी भागात अडकून राहतात. हवेतला ऑक्सिजन हळूहळू तिथवर पोहोचतो, साखळ्या तुटतात आणि न वापरलेला धागाही काही महिन्यांत ठिसूळ होऊ शकतो.

अमोनियम गटाचा वैरी म्हणजे गरम कॉस्टिक सोडा. पकडलेलं क्रोमियम धुऊन काढून धागा पुन्हा कामाचा करायला, म्हणजे रीजनरेशनला, तोच वापरतात. कॉस्टिकमुळे येणाऱ्या हायड्रॉक्साइड रूपात हे गट साठ अंशांच्या वर फार काळ तग धरत नाहीत. नाशिकचा उन्हाळा तिथवर जात नाही, पण कॉस्टिकच्या फ्लेक्स पाण्यात टाकून घट्ट द्रावण केलं की ते सहज त्यापुढे तापतं. ते निवू न देता रीजनरेशनला सोडलं, की गट गळू लागतात. सडक्या मासळीसारखा वास आला तर तो गळणाऱ्या गटांतून सुटलेल्या ट्रायमिथिल अमाइनचा समजावा.

त्यात क्रोमेट, म्हणजे पाण्यातलं हेच सहासंयुजी क्रोमियम, स्वतःच जबर ऑक्सिडीकारक. आम्लधर्मी पाण्यात, ज्याला पकडायचं तेच पकडणाऱ्याला कुरतडतं. म्हणून माहितीपत्रकातल्या पहिल्या दिवसाच्या आयन पकडण्याच्या क्षमतेवर माझा फारसा भरवसा नाही. शंभराव्या रीजनरेशननंतरचा आकडा मागावा.

क्षमता घटली तर दोन मोजमापं घ्यावीत. एकूण क्षमता तेवढीच, पण तीव्र आम्लारी क्षमता (कायम धनभारित राहणाऱ्या गटांचा वाटा) कमी झाली असेल, तर गट जागेवरच दुबळे झालेत. कोरडं वजनही ठळकपणे घटलं असेल, तर साखळ्याच झडल्यात. पहिल्या बाबतीत कॉस्टिकचं तापमान तपासावं, दुसऱ्या बाबतीत धागाच बदलावा.