फार्म सिस्टीम (बेसबॉल)

अमेरिकेत एखाद्या मेजर लीग (बेसबॉलची सगळ्यात वरची व्यावसायिक स्पर्धा) क्लबच्या हाताखाली मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, संघांची जी उतरंड असते तिला फार्म सिस्टीम म्हणतात. अठरा-एकोणीस वर्षांचा होतकरू खेळाडू, म्हणजे प्रॉस्पेक्ट, सगळ्यात खालच्या संघात येतो आणि तिथून एकेक पायरी चढतो. आपल्याला रणजीतून भारतीय संघात जाणं आठवेल, पण रणजी संघ राज्य संघटनांचे असतात, इथे मात्र खेळाडू वरच्या क्लबचा असतो आणि त्याला कधी वर न्यायचं, कधी खाली पाठवायचं हे तोच क्लब ठरवतो.

ही पद्धत सुरू कोणी केली यावर मतभेद आहेत. बहुतेक ठिकाणी सेंट लुईस कार्डिनल्स या मेजर क्लबचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीचं नाव येतं, साधारण 1919 ते 1921 च्या दरम्यान त्याने फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन, सिरॅक्यूज अशा संघांमध्ये हिस्सा घ्यायला सुरुवात केली, कारण त्याने हेरलेले खेळाडू श्रीमंत क्लब जास्त पैसे देऊन पळवायचे. पण 1890 च्या दशकातच जॉन ब्रशकडे सिनसिनाटी आणि इंडियानापोलिस हे दोन्ही क्लब होते आणि तो खेळाडू इकडून तिकडे हलवायचा, म्हणून काही अभ्यासक मूळ तिथे शोधतात. ब्रशचा प्रकार सोयीपुरता होता, खालपासून वरपर्यंत शिकवत नेण्याची रचना रिकीचीच, त्यामुळे श्रेय त्याला देणं जास्त पटतं. मेजर आणि मायनर लीगांमधल्या 1921 च्या करारात मेजर क्लबांना मायनर संघ बाळगायची मोकळीक मिळाली नसती तर मात्र त्यालाही हे जमलं नसतं.

मेजर लीगचा सर्वोच्च अधिकारी, कमिशनर लँडिस, याला ही पद्धत अजिबात मान्य नव्हती, यात खेळाडू अडकून पडतो असं त्याचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. 1938 मध्ये त्याने कार्डिनल्सचे सत्तरहून जास्त खेळाडू एका फटक्यात मोकळे केले. त्यातला पीट रायझर ब्रुकलिन क्लबकडे गेला आणि 1941 मध्ये नॅशनल लीगचा (मेजरच्या दोन विभागांपैकी एक) बॅटिंग चॅम्पियन, म्हणजे सर्वात जास्त बॅटिंग ॲव्हरेजवाला, झाला. पुढे रिकी स्वतः ब्रुकलिनला आला आणि पुढे आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरलेल्या जॅकी रॉबिन्सनलाही त्याने आधी मायनरमध्येच, माँट्रियलच्या संघात, उतरवलं. 18 एप्रिल 1946 ला जर्सी सिटीत रॉबिन्सन पहिल्या वेळी जमिनीलगत बॉल मारून साधा बाद (ग्राउंडआउट) झाला, दुसऱ्या वेळी त्याने तीन रनांचा होमरन (मैदानाच्या कुंपणापलीकडचा फटका) मारला आणि रन पूर्ण होते त्या होमप्लेटवर जॉर्ज शुबा या गोऱ्या सहकाऱ्याने त्याच्याशी हात मिळवला.

सध्याची रचना 2021 ची, खालून वर अशी: कॉम्प्लेक्स लीग (क्लबच्या सराव केंद्रातली), मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. कॉम्प्लेक्स लीग सोडून 30 क्लबांचे प्रत्येकी चार असे 120 संघ ठेवले आणि चाळीसेक गावांच्या संघांचा मेजर क्लबशी संबंध तुटला, हे त्या गावांचं मोठंच नुकसान. सगळ्यात अवघड उडी डबल-एची मानतात, कारण तिथले पिचर (बॉल टाकणारे) वळणाऱ्या ब्रेकिंग बॉलवरही स्ट्राइक काढतात, म्हणजे तो नेमका टाकतात, आणि नुसत्या वेगवान, सरळ फास्टबॉलवर जगलेला बॅटर उघडा पडतो.

एंजल्स या मेजर क्लबच्या माइक ट्राउटचं उदाहरण बघण्यासारखं आहे. 2009 च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) 25 वा, 2010 मध्ये सीडर रॅपिड्स आणि रँचो कुकामोंगा या खालच्या संघांत, 2011 मध्ये डबल-ए आर्कान्सामधून ट्रिपल-ए टाळून 8 जुलैला थेट एंजल्समध्ये, तेव्हा वय 19. पण बॅटिंग ॲव्हरेज अवघं .220 राहिलं आणि 2012 च्या सुरुवातीला तो सॉल्ट लेकला ट्रिपल-एमध्ये होता, एप्रिलअखेर परत वर आला आणि त्याच वर्षी एकमताने रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवोदित, झाला. बहुतेकांना अशी दुसरी संधी मिळत नाही.

मायनरचे खेळाडू 2022 मध्ये मेजरच्या युनियनमध्ये आले आणि 2023 च्या करारात ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार 35,800 डॉलर ठरला, जो खूप आधी मिळायला हवा होता.

भारतातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर क्लबशी करारबद्ध झाले. पटेलला 2010 मध्ये सोडलं, सिंग सिंगल-ए वेस्ट व्हर्जिनियापर्यंत पोचला.