जोलिएट ज्युनिअर कॉलेज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्यातले एक सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. शिकागोच्या नैर्ऋत्येस सु. 65 किमी.वर असलेल्या जोलिएट शहरात ते 1901 मध्ये सुरू झाले. अखंड चालत आलेल्या सार्वजनिक द्विवर्षीय महाविद्यालयांत ते देशातील सर्वांत जुने मानतात. महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. येथे मात्र बारावीनंतरची, चार वर्षांच्या पदवीपैकी पहिली दोन वर्षे अभिप्रेत आहेत. नाव एकच असले तरी पायऱ्या वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

स्थापनेचे श्रेय परंपरेने शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना दिले जाते. विद्यापीठाने संशोधनाकडे लक्ष द्यावे आणि पदवीची पहिली दोन वर्षे त्यापासून वेगळी काढावीत, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याच विद्यापीठात त्यांनी असे दोन भाग पाडले आणि 1896 च्या सुमारास त्यांना ‘ज्युनिअर’ व ‘सीनिअर’ कॉलेज ही नावे दिली. जोलिएट टाउनशिप हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्यापुढचा प्रश्न अधिक रोकडा होता. शाळा संपली, पुढे शिकण्याची इच्छा आहे, पण घर सोडून दूर जाणे परवडत नाही, अशा मुलांचे काय करायचे? 1901 मध्ये शाळेची नवी दगडी इमारत उभी राहिली आणि तिथेच सहा विद्यार्थ्यांना घेऊन शालान्तोत्तर वर्ग भरू लागले. कल्पना हार्पर यांची असली, तरी ती दररोज वर्गात चालवून दाखवण्याचे काम ब्राउन यांनी केले. हार्पर 1906 च्या आरंभी वारले. ब्राउन 1919 पर्यंत जोलिएटमध्ये होते. त्यामुळे संस्थापक म्हणून ब्राउन यांचे नाव आधी घेणे अधिक न्याय्य ठरते.

स्थापनावर्षाबद्दलही एकमत होणे कठीण आहे. वर्ग 1901 मध्ये भरले. शाळेच्या विश्वस्त मंडळाने त्यांना रीतसर मंजुरी दिली आणि ते विनाशुल्क केले, ते डिसेंबर 1902 मध्ये. ‘जोलिएट ज्युनिअर कॉलेज’ हे नाव पडले 1916 मध्ये. नामकरण किंवा ठराव हीच स्थापना मानली, तर 1901 टिकत नाही. मात्र विद्यार्थी शिकू लागले तो दिवस महत्त्वाचा मानणे सयुक्तिक वाटते, आणि संस्थेनेही तेच वर्ष स्वीकारले आहे. ‘सर्वांत जुने’ या दाव्यालाही मर्यादा आहेत. शिकागोची लुइस इन्स्टिट्यूट आणि टेक्सासमधील डेकेटर बॅप्टिस्ट कॉलेज या त्याआधीच्या संस्था, पण त्या खासगी होत्या. मिशिगनमधील सॅगिनॉ येथील एका हायस्कुलात 1895 च्या सुमारास विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे काही विषय शिकवले जात, परंतु त्यातून स्थायी महाविद्यालय उभे राहिले नाही. म्हणूनच ‘सार्वजनिक’ आणि ‘अखंड’ ही दोन्ही विशेषणे वगळता येत नाहीत.

इलिनॉयच्या ज्युनिअर कॉलेजांविषयीच्या 1965 च्या कायद्यानंतर, 1967 मध्ये कॉलेज हायस्कूलपासून वेगळे होऊन स्वतंत्र महाविद्यालयीन जिल्ह्याचे झाले. हा जिल्हा क्रमांक 525 सात कौंट्यांत (राज्याच्या प्रशासकीय विभागांत) पसरलेला आहे. कारभार निवडून आलेल्या सात विश्वस्तांकडे असतो. एक विद्यार्थी-विश्वस्तही असतो, पण त्याचे मत सल्ल्यापुरते धरले जाते. द्विवर्षीय असोसिएट पदवी घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येते. राज्यातील संस्थांनी एकमेकींचे सामान्य विषयांचे श्रेयांक मान्य करावेत, अशी व्यवस्था 1990 नंतरच्या दशकात झाली. तोपर्यंत कोणता विषय कुठे धरला जाईल, हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न होता.

मुख्य आवार हूबोल्ट रोडवर आहे. येथे वसतिगृह नाही. विद्यार्थी नोकरी, मुलेबाळे, शेती सांभाळून वर्गापुरते येतात आणि जातात, त्यामुळे संध्याकाळचे वर्गही महत्त्वाचे असतात. आवारात तळे आहे, वृक्षसंग्रह आहे. उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातली झाडे तिथेच डोळ्यांसमोर दिसतात. शेती, पाककला, परिचर्या व पशुवैद्यकीय तंत्र यांचेही शिक्षण दिले जाते. खेळाडूंच्या संघांना ‘वुल्व्ह्ज’ म्हणतात. अमेरिकन फुटबॉलच्या संघाने 2002 मध्ये ज्युनिअर कॉलेजांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढे तो संघ बंद करण्यात आला.

नृत्यांगना व मानवशास्त्रज्ञ कॅथरिन डनहॅम येथे शिकल्या. अभियंते जॉन हूबोल्ट हेही येथलेच विद्यार्थी. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून लहान यान खाली उतरवावे, या पद्धतीचा नासामध्ये त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि 1962 मध्ये ती स्वीकारली गेली. कॉलेजसमोरचा रस्ता त्यांच्याच नावाचा आहे.