हृदयाभोवतीचं पाणी: इडिओपॅथिक की मेसोथेलिओमा?

मोठ्या जातीचा, सात-आठ वर्षांचा कुत्रा चार पावलं चालून बसतो, पोट फुगतं, हिरड्या फिक्या पडतात. आपल्याकडे पहिला संशय गोचीड तापावर जातो. तो घ्यावाच, कारण प्लेटलेट्स कमी असतील तर सुई घालण्याआधीच ते कळलेलं बरं. पण ठोके दबके, नाडी बारीक, मानेची शीर फुगलेली आणि एक्स-रेत हृदय गोल गरगरीत असेल, तर हृदयावरणात, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीत, पाणी आहे. अशा कुत्र्याला लघवी वाढवणारं लॅसिक्स देऊ नका. हृदय आधीच नीट भरत नसतं, त्यात रक्ताचा भरणा आणखी घटतो आणि कुत्रा कोसळतो.

जनावर तग धरून असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाणी काढण्याआधी करावा, कारण भोवती पाणी असताना गाठ स्पष्ट दिसते. उजव्या कर्णिकेवर किंवा महाधमनीच्या मुळाशी गाठ सापडली तर प्रश्न वेगळा. नाही सापडली तर मुख्यतः दोन शक्यता उरतात: इडिओपॅथिक, म्हणजे कारण हाती न लागणारा स्राव, आणि हृदयावरणाच्या अस्तराचा कर्करोग, मेसोथेलिओमा. हा बहुधा मोठी गाठ करत नाही, अस्तरावर खसखशीएवढ्या दाण्यांनी पसरतो. त्यामुळे इको स्वच्छ आला म्हणून तो नाहीच असं म्हणता येत नाही.

पाणी उजव्या बाजूने, चौथ्या ते सहाव्या फासळ्यांच्या फटीतून, फासळीच्या पुढच्या कडेने 14 किंवा 16 गेजच्या कॅथेटरने काढतात. मागच्या कडेला रक्तवाहिन्या असतात. ईसीजी चालू ठेवा, वेडेवाकडे ठोके आले की सुई मागे घ्या. दोन्ही आजारांत पाणी सहसा गडद लाल आणि न गोठणारं असतं. नळीत गोठलं तर सुई हृदयात गेली आहे किंवा ताजा रक्तस्राव चालू आहे.

खरी फसगत सूक्ष्मदर्शकाखाली होते. पाण्यात पोहणाऱ्या निरोगी अस्तर-पेशीही चिडतात: आकाराने मोठ्या होतात, दोन-तीन केंद्रकं दिसतात, विभाजन चालू असतं, झुपक्यांनी येतात. कर्करोगाच्या पेशीही अशाच. म्हणून पाण्याच्या स्लाइडवरून दिलेला ‘मेसोथेलिओमा’ हा निकाल आम्ही मानत नाही, आणि ‘कर्करोग दिसत नाही’ हाही नाही. निव्वळ त्या कागदावर कुत्र्याला कायमचं झोपवायचं ठरवू नये.

निकाल लागतो तो हृदयावरणाच्या तुकड्यावर, पेशी खालच्या थरात शिरल्या आहेत का ते पाहून. इडिओपॅथिकमध्ये साधारण निम्म्या कुत्र्यांचं एक-दोनदा पाणी काढून भागतं. तिसऱ्यांदा भरलं तर हृदयावरण काढण्याची शस्त्रक्रिया करावी आणि काढलेला भाग तपासणीला द्यावा, एकच कोपरा नव्हे, तर वेगवेगळ्या जागचे तुकडे. पातळ पडदा गुंडाळी होतो, तेव्हा पुठ्ठ्यावर टाचून 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात बुडवा. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवायचं असेल तर आधी फोन करून कोणत्या तपासण्या होतात ते विचारा.

पाण्याचा नमुना जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत, बर्फाच्या डब्यात, पण न गोठवता. मे महिन्यात त्या पेशी वाटेतच फुगून फुटतात, म्हणून पाणी काढल्या काढल्या स्लाइड करून वाळवा. स्लाइड आणि फॉर्मेलिनची बाटली एकाच पार्सलमध्ये नको. वाफेने स्लाइडचा रंग बिघडतो, आणि ही चूक सर्रास होते.

शस्त्रक्रियेनंतर इडिओपॅथिकचा कुत्रा बहुधा बरा होतो. मेसोथेलिओमात पाण्याला वाट मिळाल्याने ते छातीत साचू लागतं. चार महिन्यांच्या आत छाती पुन्हा भरली, तर पहिली बायोप्सी, म्हणजे तुकड्याची तपासणी, साधी आली असली तरी संशय मेसोथेलिओमावरच. घरी रोज कुत्रा गाढ झोपेत असताना एका मिनिटाचे श्वास मोजा. 30 च्या वर जाऊ लागले तर त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या, आणि प्रत्येक वेळी किती मिलिलीटर निघालं ते तारखेसह लिहून ठेवा.