काळं जाकीट घातलं म्हणून कुणी अडवत नाही

मोटरसायकल क्लबात नसताना बिनबाह्यांचं काळं जाकीट घातलं तर क्लबवाले रस्त्यातच उतरवून घेतात, असं वरुड-आर्वीकडची बुलेटवाली पोरं एकमेकांना सांगतात. चूक आहे. कोरं जाकीट कुणीही घालावं.

भांडण असतं पाठीवर शिवलेल्या तीन तुकड्यांचं: वरच्या कमानीत क्लबचं नाव, मधे चिन्ह, खालच्या कमानीत इलाका, शेजारी 'एमसी'चा, म्हणजे 'मोटरसायकल क्लब'चा, छोटा चौकोन. अमेरिकेतल्या क्लबांत हा संच उमेदवारी करून मिळवावा लागतो. '1%' लिहिलेला, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा तुकडा तर मुळीच नको; ती कायदा न जुमानणाऱ्या क्लबांची खूण.

तयार जाकिटावर हे शिवलेलं असेल तर अस्तराकडून ब्लेडनं एकेक टाका उसवा. ओढाल तर चामडं फाटेल. भोकं राहतातच, म्हणून डेनिम घ्या. मे महिन्याच्या उन्हात आपल्याकडं तेच सोसवतं.