मराठवाड्यातल्या घरात दुसरी भाषा : थोडी पार्श्वभूमी

लेकराला घरीच इंग्रजी सुरू करावं का, केलं तर कितव्या वर्षी, यावर सध्या फार बोललं जातंय. पण आपल्याकडं लहान लेकराच्या कानावर दोन भाषा पडणं ही काय नवी भानगड नाही. नवं काय असेल तर घरात समोर बसवून शिकवणं, आणि ते फार तर पंचवीसेक वर्षांचं.

निजामाच्या काळाचं जास्त सांगत बसत नाही. कचेरीची भाषा उर्दू, पुढचं शिक्षण उर्दूत, हैदराबादला 1918 ला निघालेलं विद्यापीठ पण उर्दू माध्यमाचंच. 1948 नंतर कचेरीतून उर्दू हटली पण गल्लीतली दखनी, म्हणजे इकडची बोलायची उर्दू, ती कुठं जाते. कायकू, नक्को, हौ हे परभणी-नांदेडच्या पोरांना कुणी शिकवलं नाही, बापासंग मोंढ्यात हिंडून अन् शेजारच्या पोरांसंग गोट्या खेळून आलं. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उमरगा-निलंग्याकडं कन्नड, तिथंही तसंच. बंजाऱ्यांच्या तांड्यावर तर गणित वेगळंच, घरात गोरमाटी म्हणजे त्यांची बंजारा बोली, मराठी हीच दुसरी भाषा, अन् ती बऱ्याच लेकरांना नीट भेटते ती थेट शाळेत गेल्यावर.

तिकडं युरोपात एका भाषातज्ज्ञानं 1913 ला आपल्याच लेकराच्या नोंदी छापल्या होत्या, बाप फ्रेंच बोलायचा, आई जर्मन, आणि पोरगं दोन्ही शिकलं. तरी दोन भाषांनी लेकराचं डोकं गोंधळतं हा समज पुढं कितीतरी वर्षं टिकला, 1962 ला कॅनडातल्या एका अभ्यासानं त्याला धक्का दिला तेव्हा कुठं हवा बदलायला लागली. आपल्याकडं ही हवा पोचली का, तर नाही. आपल्याकडं पोचला तो शासनाचा निर्णय.

2000 साली राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी पाचवीपासून होतं. यावर तेव्हा रान पेटलं होतं. बाजूनं बोलणारे म्हणायचे, शहरातल्या कॉन्व्हेंटच्या पोराला तिसऱ्या वर्षीच इंग्रजी मिळतं मग खेड्यातल्या पोरानं पाचवीपर्यंत का थांबायचं, आणि हे खोटं नव्हतंच, अकरावी सायन्सला गेल्यावर सगळी पुस्तकं एकदम इंग्रजीत आली की आपली हुशार पोरं कशी गपगार व्हायची हे लातूरला क्लासला पोरगं ठेवलेल्या कुठल्याही बापाला विचारा. विरोधातले म्हणायचे, आधी मराठी वाचायला तर येऊ द्या, आणि शिकवणार कोण, झेडपीच्या दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र सांभाळणारा मास्तर स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेला. माझं मत विचाराल तर हेतू चांगला होता, तयारी मात्र कच्ची होती, आणि त्या तयारीचं ओझं कुणावर आलं तर घरावर, म्हणजे घरात आईवर. शाळेबद्दल सगळे भांडले, घराबद्दल कोण बोललं?

घरात झालं काय, पहिली-दुसरीत खरं तर ऐकणं, बोलणं, गाणी हेच जास्त अपेक्षित होतं, पण सत्तर-ऐंशीच्या दशकात जन्मलेले आईबाप इंग्रजी शिकले होते स्पेलिंग घोकून. मग त्यांनी पण तेच दिलं. स्टेशनरीच्या दुकानातून प्राण्या-फळांचा तक्ता आणून भिंतीला ठोकायचा, भाकऱ्या थापता थापता आई विचारणार, "एलिफंटचं स्पेलिंग सांग बरं", पोरगं एका दमात सांगणार, आणि पाहुणे आले की परत तेच. त्याच पोराला इंग्रजीत पाणी माग म्हणलं तर आईच्या तोंडाकडं बघतंय. मराठी वाक्यात नावं तेवढी बदलली, "डॉगी आला बघ", "हँड वॉश कर", "मँगो ईट कर". याला लोक हसतात, मला हसायचं कारण दिसत नाही, घरात जेवढी भाषा होती तेवढीच ती माय देणार ना. दखनी बिनास्पेलिंगची आली म्हणून तोंडात बसली, इंग्रजी स्पेलिंगमधून आली म्हणून वहीत राहिली, एवढा साधा हिशोब आहे. नंतर सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले, गणित-विज्ञान इंग्रजीत, तेव्हा तर तालुक्याच्या गावात बालवाडीच्या आधीच ट्यूशन लावायलेत लोक.

2020 च्या राष्ट्रीय धोरणात निदान पाचवीपर्यंत शक्य तिथं मातृभाषेत किंवा घरच्या भाषेत शिकवा असं लिहिलं गेलं. त्यानंतर 2025 ला उलटीच गंमत, 16 एप्रिलला मराठी-इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची, बोंब झाली म्हणून 17 जूनला "सर्वसाधारणपणे" असा शब्द घालून दुसरा निर्णय, हिंदीऐवजी वेगळी भाषा पाहिजे तर वर्गातली किमान 20 पोरं पाहिजेत, आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागं. आमच्याकडं हिंदीचं तसं कुणाला भ्यावं लागत नाही, मोबाइलवर कार्टून बघून तीन वर्षांचं लेकरू आजीला "मुझे नहीं चाहिए" म्हणतंय.

त्या गदारोळात पहिलीच्या लेकरावर तीन भाषांचं ओझं नको हा मुद्दा सगळ्यात जोरात होता आणि बरोबरच होता, पण तांड्यावरच्या लेकराला 2000 पासूनच पहिलीत तीन भाषा आहेत, गोरमाटी घरची, मराठी शाळेची अन् वरून इंग्रजी, हे त्यात फारसं आलं नाही. तिथं काही मास्तरांनी आपल्या आपणच गोरमाटी-मराठी शब्दांच्या याद्या करून वर्गात वापरल्या, कुठल्या जीआरची वाट न बघता.