जेरूसलेमचे ज्यू मंदिर : धार्मिक अर्थ आणि विध्वंस

धर्मशास्त्राप्रमाणे प्राचीन ज्यूंचे एकमेव यज्ञस्थान. जेरूसलेममधील मोरिया टेकडीवर अशी दोन मंदिरे एकापाठोपाठ उभी राहिली. पहिले मंदिर शलमोन राजाने इ.स.पू. दहाव्या शतकात बांधले, असे बायबल सांगते. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने ते जाळले. पुढे इराणी सम्राट कोरेश याने बाबेलला हद्दपार केलेल्या ज्यूंना परतण्याची मुभा दिली आणि इ.स.पू. ५१५ च्या सुमारास दुसरे मंदिर पूर्ण झाले. हेरोद राजाने त्याचा भव्य विस्तार केला. इ.स. ७० मध्ये टायटसच्या नेतृत्वाखाली रोमन फौजांनी ते उद्ध्वस्त केले. तिसरे मंदिर झालेच नाही. मंदिरासह जितकी शतके गेली, त्याहून कितीतरी अधिक शतके ज्यू धर्म मंदिराविना जगला आहे. तरीही त्याची प्रार्थना, पंचांग आणि लग्नविधी या वास्तूची आठवण सोडत नाहीत.

गावोगावी देवळे पाहण्याची सवय असलेल्या वाचकाने आधी हे ध्यानात घ्यावे की, येथे साऱ्या समाजाला मंदिर एकच होते. ‘देव आपल्या नावासाठी निवडील त्याच ठिकाणी’ बली अर्पण करावेत, अशी बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाची आज्ञा आहे. योशिया राजाने इ.स.पू. ६२२ च्या सुमारास इतर वेदी मोडून तिची कठोर अंमलबजावणी केली. इजिप्तमध्ये एलिफंटाइन आणि लिओन्तोपोलिस येथे ज्यूंची मंदिरे होती, पण जेरूसलेमची बरोबरी त्यांना कधी साधली नाही.

मंदिरात मूर्ती नव्हती. सर्वांत आतल्या परमपवित्रस्थानात पहिल्या मंदिराच्या काळी कराराचा कोश म्हणजे एक पवित्र पेटी होती आणि तीत दहा आज्ञांच्या दगडी पाट्या होत्या. दुसऱ्या मंदिरात कोशही नव्हता. जमिनीपासून तीन बोटे उंचीचा एक खडक तेवढा तेथे होता, असे मिश्ना हा रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, ग्रंथ नोंदवतो. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी आत शिरला, तेव्हा त्याला देवाची कोणतीही प्रतिमा दिसली नाही. ‘स्वर्गातही तू मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घरात कसा मावशील?’ असा प्रश्न मंदिराच्या समर्पणप्रसंगी खुद्द शलमोनाच्या तोंडी आहे. देव येथे कोंडलेला नाही, पण माणसाने त्याला हाक मारायची ती या दिशेने, हा त्या रिकाम्या खोलीचा अर्थ. मंदिराचे सारे धर्मशास्त्र त्या रिकामेपणात सामावले आहे.

या खोलीपासून बाहेर पावित्र्याची वर्तुळे होती. याजकांचे, पुरुषांचे, स्त्रियांचे आणि शेवटी परधर्मीयांचे आवार. परक्याने पुढे पाऊल टाकल्यास मरणाला तो स्वतः जबाबदार राहील, असा ग्रीक भाषेतला शिलालेख १८७१ मध्ये सापडला. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कोकरू होमात अर्पण होई, धूप जळे, लेवी वंशाचे गायक स्तोत्रे म्हणत, आणि दर शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, बारा समर्पित भाकरी बदलल्या जात. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक पाच वेळा स्नान करी आणि साधी तागाची वस्त्रे नेसून परमपवित्रस्थानात जाई. वर्षभरात त्या खोलीत माणसाचे पाऊल पडे ते एवढ्या एका दिवशी.

सामान्य शेतकऱ्याला मंदिर भेटे ते यात्रेतून. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण अशा तीन यात्रा होत्या. पहिले पीक घेऊन निघालेल्या मंडळींचे वर्णन मिश्नात मोठ्या जिव्हाळ्याने आले आहे. पुढे सोनेरी शिंगांचा बैल, त्याच्या डोक्यावर जैतुनाच्या पानांचे वेटोळे, आणि शहर जवळ येईपर्यंत बासरीची साथ. शहराच्या कारागिरांनी उठून त्यांचे स्वागत करायचे. मंदिराच्या टेकडीवर आल्यावर राजा असला तरी त्याने आपली टोपली स्वतःच्या खांद्यावर घ्यायची. श्रीमंताची टोपली चांदी-सोन्याची, गरिबाची सोललेल्या वाळुंजाच्या फोकांची. मंदिर म्हणजे केवळ रक्त आणि धूर, असे जे चित्र अनेकदा रंगवले जाते, त्यात या मिरवणुकीला जागा नसते आणि म्हणून ते चित्र अपुरे आहे.

मंदिर आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, या भाबड्या विश्वासावर सर्वांत कडक टीका ज्यू संदेष्ट्यांनीच केली. परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यावर जुलूम करायचा आणि मग ‘हे परमेश्वराचे मंदिर’ असा जप करायचा, याला अर्थ नाही, असे यिर्मयाने मंदिराच्या दारात उभे राहून सुनावले. पहिल्या विध्वंसाचा अर्थ लावताना हीच दृष्टी कामाला आली. त्या काळी देवाचे घर पडले म्हणजे देव हरला, असे मानले जाई. बाबेलमध्ये हद्दपारीत असलेल्या यहेज्केल या संदेष्ट्याने मात्र दृष्टान्तात पाहिले की, परमेश्वराचे तेज स्वतःहून मंदिर सोडून गेले आहे. जो देव घर सोडू शकतो, तो निर्वासितांबरोबर परमुलखातही असू शकतो. ज्यू धर्म टिकला याचे मूळ बहुधा या एका विचारात आहे.

दुसरा विध्वंस अधिक जिव्हारी लागला. मंदिरातील सात शाखांची दीपमाळ रोमन सैनिक मिरवत नेत आहेत, हे दृश्य रोममधील टायटसच्या कमानीवर आजही कोरलेले दिसते. मंदिरासाठी दरवर्षी दिला जाणारा अर्धा शेकेल आता रोमन देव ज्यूपिटरच्या देवळासाठी कर म्हणून वसूल होऊ लागला. तरीही तालमूद या मिश्नावरील चर्चांच्या ग्रंथाने बोट रोखले ते स्वतःच्या समाजाकडे. पहिले मंदिर मूर्तिपूजा, व्यभिचार आणि रक्तपात यांमुळे गेले. दुसऱ्या मंदिराच्या काळी लोक धर्माभ्यास करत, दानधर्मही करत, पण एकमेकांचा विनाकारण द्वेष करत, म्हणून ते गेले.

पापक्षालनाची जागाच गेली, असा शोक करणाऱ्या शिष्याला रब्बी योहानान बेन झक्काई यांनी होशेय या संदेष्ट्याचे वचन ऐकवले : ‘मला यज्ञ नको, दया हवी.’ यावने या गावी त्यांच्याभोवती जमलेल्या विद्वानांनी धर्माची घडी पुन्हा बसवली. रोजच्या प्रार्थनांच्या वेळा होमांच्या वेळांशी जोडल्या गेल्या आणि घरातल्या जेवणाच्या मेजाला वेदीचा मान मिळाला. यावरून प्रार्थनेने यज्ञाची जागा घेतली, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच प्रार्थनेत मंदिरातली सेवा पुन्हा सुरू व्हावी, अशी रोज विनवणी आहे. प्रार्थना यज्ञाच्या वतीने उभी राहते, आणि मूळ गोष्ट आपल्यापाशी नाही हे ती लपवत नाही.

हे संतुलन कसे साधले, याची एक कथा तालमूदमध्ये आहे. विध्वंसानंतर अनेकांनी मांस आणि द्राक्षारस सोडला, कारण दोन्ही वेदीवर वाहिले जात. रब्बी यहोशुआ त्यांना म्हणाले, मग भाकरीही सोडा, अन्नार्पण बंद झाले आहे. फळे सोडा, पहिल्या पिकाचे अर्पण बंद झाले आहे. पाणीही सोडा, कारण तेही वेदीवर ओतले जाई. लोक गप्प झाले. तेव्हा ते म्हणाले, मुळीच शोक न करणे शक्य नाही आणि अति शोक करणेही शक्य नाही. माणसाने घराला गिलावा करावा, पण थोडा भाग तसाच सोडावा. हा भाग दारासमोर, हातभर लांब आणि हातभर रुंद असावा, असेही पुढे ठरले. विवाहविधीत काचेचा पेला फोडतात तोही याच आठवणीसाठी. ज्यू पंचांगातील आव महिन्याच्या नवमीला याच विध्वंसाच्या स्मरणार्थ कडक उपवास असतो. त्या दिवशी चामड्याचे जोडे वर्ज्य असतात आणि लोक जमिनीवर बसून विलापगीत वाचतात.

मंदिर पुन्हा व्हावे का, याविषयी एकमत नाही. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मैमोनिदीस यांनी यज्ञ ही त्या काळच्या माणसांच्या सवयीला दिलेली सवलत मानली, पण आपल्या धर्मसंहितेत मंदिराचे नियम बारकाईने नोंदवले आणि मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहतात तो तारणहार, ते बांधील असेही लिहिले. एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादी ज्यूंनी यज्ञाच्या पुनरुज्जीवनाच्या प्रार्थना वगळल्या. त्या टेकडीवर सातव्या शतकाच्या अखेरीपासून मुस्लिमांचा खडकावरील घुमट आहे आणि अल-अक्सा मशीदही तेथेच आहे. परमपवित्रस्थानाच्या जागी अशुद्ध पाय पडू नये म्हणून अनेक रब्बी ज्यूंना टेकडीवर जाण्यास मनाई करतात. बहुतेक ज्यू टेकडीच्या पायथ्याच्या पश्चिम भिंतीपाशी प्रार्थना करतात. ही भिंत हेरोदाने टेकडीभोवती बांधलेल्या तटाचा भाग आहे, मंदिराची स्वतःची भिंत नव्हे.

कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजात आव नवमीच्या उपवासाला बिरड्याचा रोजा म्हणत. त्या निमित्ताने केल्या जाणाऱ्या वालाच्या बिरड्यावरून हे नाव पडले. जेरूसलेम पश्चिमेला असल्यामुळे महाराष्ट्रातील सभास्थानांत धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला असते. इ.स.पू. १६४ मध्ये मंदिराचे शुद्धीकरण झाले, त्याचा हनुक्का सण मात्र या समाजाला पूर्वी ठाऊक नव्हता. त्यावरून आपले पूर्वज त्याआधीच मायदेशातून निघाले असावेत, असे समाजाच्या इतिहासकारांनी मांडले. हे अनुमान सर्व अभ्यासकांना मान्य नाही.