फ्लुओराइडचं जेल आणि दातातलं भरण: पार्श्वभूमी

दातांना वरून फ्लुओराइड लावायला 1940 च्या दशकात सुरुवात झाली, ती सोडियम फ्लुओराइडच्या 2 टक्के द्रावणाने. भरणाचं त्याने काय होईल, हा प्रश्न तेव्हा फारसा नव्हताच. किडलेल्या दाढेत बहुतेक चांदीच भरलेली असायची. पुढे आलेल्या स्टॅनस (म्हणजे कथिलाच्या) फ्लुओराइडमुळे भरणाच्या कडांवर तपकिरी डाग पडत, एवढीच तक्रार होती.

1963 च्या सुमारास मात्र फ्लुओराइडमध्ये फॉस्फोरिक ॲसिड मिसळायचं ठरलं, आणि पुढचा सगळा गुंता तिथून सुरू झाला. आम्लात इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, जास्त फ्लुओराइड घेतं आणि फॉस्फेटमुळे ते फारसं विरघळतही नाही. पुढे जेलच्या रूपात आलेल्या या मिश्रणात फ्लुओराइड 1.23 टक्के, सामू (pH) साधारण 3 ते 3.5. इनॅमलपुरता हा निर्णय उत्तम होता. पण इतक्या आम्लात फ्लुओराइडचा मोठा हिस्सा हायड्रोफ्लुओरिक ॲसिडच्या रूपात जातो, आणि ते काच खातं. पुढच्या दोन-तीन दशकांत तोंडात शिरली ती नेमकी काचच: पोर्सिलेनच्या कॅपमध्ये, काँपोझिटच्या (रेझिनमध्ये बारीक कण मिसळलेल्या, दाताच्या रंगाच्या भरणाच्या) कणांमध्ये, 1970 च्या दशकात आलेल्या ग्लास आयनोमर सिमेंटमध्ये, म्हणजे काचेची पूड आणि आम्ल मिसळून घट्ट होणाऱ्या भरणात.

पोर्सिलेनची चकाकी जाते हे 1980 च्या दशकात पुरेसं स्पष्ट झालं होतं. तुटलेली पोर्सिलेन कॅप काँपोझिटने सांधायची असेल, तर पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत करायला हेच जेल 10 मिनिटं लावून ठेवण्याची पद्धतही निघाली. तेच जेल किडीपासून संरक्षण म्हणून 4 मिनिटं ट्रेमध्ये घालून दिलं जायचं. सावध डॉक्टर आधी समोरच्या कॅपवर व्हॅसलिनचा हात फिरवत.

ग्लास आयनोमरचं दुखणं वेगळं. ते स्वतः फ्लुओराइड सोडतं आणि बाहेरचं फ्लुओराइड शोषून पुन्हा भरून घेतं. आम्ल जेलने ते भरतं चांगलं, पण त्याच वेळी वरचा थर झिजतो. कण उघडे पडतात, पृष्ठभाग खडबडीत होतो.

सर्वांत जास्त घोळ घातला तो ‘काँपोझिट’ या शब्दाने. एकाच नावाखाली निरनिराळी मिश्रणं येतात. जुन्या काँपोझिटमधले क्वार्ट्झचे कण आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. एक्स-रेत दिसावं म्हणून घातलेली बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमची काच मात्र लवकर कुरतडली जाते आणि कणांच्या जागी खड्डे उरतात. सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचं मायक्रोफिल त्या मानाने गुळगुळीत राहतं. त्यामुळे ‘काँपोझिटवर जेलचा परिणाम होतो’ आणि ‘होत नाही’ ही दोन्ही विधानं आपापल्या नमुन्यापुरती खरी असतात. वाद घालणाऱ्यांनी आधी कणांचं नाव सांगावं, असं मला आग्रहाने वाटतं. शिवाय प्रयोगशाळेत नमुना जेलमध्ये बुडवून ठेवतात; तोंडात लाळ असते, जेल पुसलं जातं. खरखरीतपणा साधारण 0.2 मायक्रोमीटरच्या वर गेला की जिवाणूंचा थर जास्त चिकटतो, हा मापदंड 1990 च्या दशकात रुळला आणि चर्चेला निदान एक आकडा मिळाला.

मग सामू 7 असलेलं 2 टक्के सोडियम फ्लुओराइडचं जेल सरसकट का वापरू नये? अडचण पुराव्याची. कीड कमी होते हे दाखवणाऱ्या जेलच्या चाचण्या मुख्यतः आम्ल जेलच्या होत्या. म्हणून 2013 च्या एका प्रभावी शिफारशीत 6 वर्षांवरील मुलांसाठी 5 टक्के सोडियम फ्लुओराइडच्या वार्निशबरोबर (दातावर फासायच्या, चिकटून राहणाऱ्या लेपाबरोबर) आम्ल जेलच राहिलं. 6 वर्षांखालच्यांसाठी फक्त वार्निश. ज्याच्या तोंडात दोन कॅप आणि चार भरणं आहेत, त्याच्या बाबतीत या पुराव्यापेक्षा रसायनशास्त्राला वजन द्यायला हवं होतं.

1960 च्या दशकातच युरोपात आलेल्या, आम्ल नसलेल्या या वार्निशने हा पेच बराच सोडवला. ते जेवढ्यास तेवढं दातावर फासता येतं आणि कॅप सहज टाळता येते. जेल अजून वापरात आहे तिथे अडतं ते केसपेपरवर. तिथे भरणासमोर बहुधा एकच शब्द लिहिलेला असतो, ‘काँपोझिट’.